माळ्यावरचा डालड्याचा डबा

मंडळी, गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही. नेहमीचं कारण (आळस!) होतंच, पण या वेळी दुसरंही होतं. गारगोटीचं आमचं जुनं घर उतरवायचं ठरलंय, आणि माळा रिकामा करायचं काम "तू काँप्युटरवाला, तुला सगळं कळतं" या अजब तर्काने माझ्या गळ्यात पडलं. शुक्रवारी रात्री पुण्याहून एसटी, दोन दिवस धूळ आणि शिंका, रविवारी रात्री परत.

आधी एक खुलासा. गारगोटी म्हटलं की पुण्यातले मित्र हटकून सिन्नरच्या खनिजांच्या संग्रहालयाबद्दल विचारतात. ते वेगळं. आमचं गारगोटी हे कोल्हापूरच्या दक्षिणेला, वेदगंगेच्या काठी असलेलं भुदरगड तालुक्याचं मुख्य गाव. अर्थात गारगोटी या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे तोच, पांढरा चकमकीचा दगड, म्हणजे क्वार्ट्झ. तुमच्या मनगटावरच्या घड्याळात याच दगडाच्या जातीचा एक चिमुकला तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरत असतो. हा आकडा दोनचा पंधरावा घात आहे, त्यामुळे पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद मिळतो. माझं पोट ज्याच्यावर चालतं त्या काँप्युटरचं काळीजही असंच क्वार्ट्झच्या तालावर धडधडतं. गावाचं नाव लावायला यापेक्षा चांगलं निमित्त कुठलं? :-)

तर, माळ्यावर दोन गोष्टी सापडल्या. पहिली म्हणजे बुटाच्या खोक्यात, लाकडाच्या भुशात ठेवलेले दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे. काहींचे भाले मोडलेले, एकाची ढाल शाबूत पण डोकं गायब, महाराजांच्या सिंहासनाचा सोनेरी रंग उडालेला. आणि महाराजांपेक्षा मोठा एक वाघ. मापाचं बंधन आमच्या किल्ल्यावर कधीच नव्हतं. खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाया हा युरोपात मोठ्या माणसांचा छंद आहे. 'टाइम मशीन' लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाच्या पुस्तकात या खेळाचे रीतसर नियम छापले. जुने शिशाचे सैनिक शोधून, जपून ठेवणारे संग्राहक तिकडे आजही आहेत. आमचा नियम एकच होता, किल्ला भाऊबीजेपर्यंत टिकला पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे डालड्याचा एक गंजलेला डबा. हा तात्यांचा. तात्या म्हणजे माझे थोरले काका. पंचायत समितीत कारकुनी करायचे आणि संध्याकाळी रेडिओ बनवायचे. आमच्या किल्ल्यावर बॅटरीतल्या बल्बचे दिवे लागायचे ते त्यांच्यामुळेच. माझ्या आयुष्यातलं पहिलं सर्किट मी शेणामातीच्या बुरुजात पाहिलं. तात्या २०२२ साली गेले.

डब्यात काय होतं? ओए७९ जातीचे काचेचे डायोड, ओसी७१ आणि एसी१२८ हे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर, नंतरच्या काळातले बीसी१४८, एक गँग कंडेन्सर, फेराइटचा दांडा, बांबूच्या कांडीवर गुंडाळलेली तांब्याच्या तारेची कॉइल, राळेचा खडा, एका साबणाच्या डबीत बसवलेला अर्धामुर्धा रेडिओ, आणि एक वही. वहीत हाताने काढलेली सर्किटं आणि शेजारी असल्या नोंदी : "ता. ३६ / ६०-१५ / बां. / मे."

मावळ्यांचं काम सोपं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळले, खोक्यात घातले, पुण्याला आणले, कपाटात मांडले. संपलं. डब्याचं तसं होईना. वस्तू सगळ्या हातात होत्या, पण त्यांचं काय करायचं ते मला येत नव्हतं. इंजिनिअरिंगची पदवी असून! बारावीच्या सुट्टीत तात्या म्हणाले होते, "ये की बस जरा हिथं, शिकवतो. हात लावून बघ, चावत न्हाई त्ये." मी म्हटलं होतं, "तात्या, आता हे कोण करतं?" ते हसले आणि पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

असो. रडगाणं पुढे येईलच. आधी थोडा इतिहास, कारण त्या डब्याच्या निमित्ताने गेले तीन आठवडे मी तोच वाचत बसलोय.

घरी बसून यंत्र बनवायचं वेड कोल्हापूरला नवं नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंना सिनेमाने झपाटलं, तेव्हा परदेशी कॅमेरा विकत घेणं त्यांच्या ऐपतीबाहेरचं होतं. जुना प्रोजेक्टर मिळवून, तो उघडून, आतलं कळेल तसतसं कॅमेऱ्याची खटपट सुरू झाली. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून काम पुढे नेलं आणि १९१८ साली कॅमेरा उभा केला. त्यातूनच पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. चित्रपटाच्या इतिहासात ही गोष्ट सगळेच सांगतात. मला त्यातला 'उघडून बघितलं' हा भाग महत्त्वाचा वाटतो. दाखवायचं यंत्र उघडल्यावर टिपायचं यंत्र कसं असेल ते कळतं, कारण दोन्हीकडे फिल्म एकेक चौकट पुढे सरकवायची असते.

रेडिओचंही तसंच आहे. ऐकायचा सेट ज्याला कळला, त्याला बोलायचा सेट फार लांब नसतो. पण ही गोष्ट सरकारलाही माहीत असते.

भारतात रेडिओ आणला तो हौशी लोकांनी. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ साली कार्यक्रम प्रक्षेपित केले, मद्रासचा क्लब १९२४ चा. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला उघडलं, ती कंपनी १९३० साली बुडाली, मग सरकारने कारभार हातात घेतला आणि १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. म्हणजे छंद आधी, कंपनी नंतर, सरकार शेवटी. पण कायदा मात्र पहिल्यापासून सरकारचा. १८८५ चा टेलिग्राफ कायदा होताच, त्यात १९३३ साली वायरलेस टेलिग्राफी कायदा आला. बिनपरवाना वायरलेसचं यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरला. बोलायचं राहू द्या, ऐकायलाही परवाना!

१९३९ साली महायुद्ध सुरू झालं आणि हौशी प्रक्षेपकांचे, म्हणजे ज्यांना आपण 'हॅम' म्हणतो त्यांचे, परवाने बंद करून यंत्रं जमा करायचा हुकूम निघाला. सगळ्यांनी सगळं जमा केलं नाही. मुंबईतले नरिमन प्रिंटर हे असेच एक जुने हौशी, हाताने हुशार. ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत'ची घोषणा झाली, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. तेव्हा कॉलेजात शिकणारी उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी यांनी ठरवलं की आपला रेडिओ हवा. प्रिंटर यांनी ट्रान्समीटर जुळवला. काही सामान शिकागो रेडिओवाल्या नानक मोटवाने यांच्याकडून आलं. ऑगस्टच्या अखेरीस 'काँग्रेस रेडिओ' बोलू लागला. राम मनोहर लोहिया त्याच्या पाठीशी होते. जागा सारखी बदलायची, कारण पोलिसांच्या गाड्या दिशा शोधत हिंडत असत.

हा रेडिओ ४२.३४ मीटरवर लागायचा. मी सवयीने भागाकार केला. प्रकाशाचा वेग भागिले ४२.३४ म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. हा तर हॅम लोकांचा चाळीस मीटरचा पट्टा! आजही भारतातले हौशी ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये गप्पा मारत असतात. सरकारने ज्या पट्ट्यातून हौशी लोकांना हाकललं होतं, त्याच पट्ट्यात हा आवाज उमटला. त्यात नवल नाही म्हणा. हौशी माणसाच्या हाताला जे सामान आणि जी मापं सवयीची, त्यातूनच यंत्र उभं राहणार.

पण गोष्ट इथे संपली असती तर फारच सोपी झाली असती. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी प्रिंटर यांना पकडलं आणि त्यांनीच जागा दाखवली. त्या रात्री उषा मेहता सापडल्या. पुढे खटल्यात प्रिंटर माफीचे साक्षीदार झाले. बाबूभाईंना पाच वर्षं, उषाबेनना चार वर्षं आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्ष शिक्षा झाली. म्हणजे ज्या हातांनी तो आवाज उभा केला, त्याच हातांनी तो पोलिसांच्या हवाली केला. हे वाचल्यावर मी बराच वेळ थांबलो. आपण कारागिरीबद्दल फार भाबडेपणाने बोलतो. हाताला कौशल्य असलं म्हणून छातीत धीर असेलच असं नाही. आणि उलट, उषाबेनच्या छातीत धीर होता, पण कुणीतरी कॉइल गुंडाळल्याशिवाय तो हवेत जाणार नव्हता. बाविशीतली मुलगी बोलली, आणि एका भित्र्या माणसाने ते बोलणं ऐकू येईल अशी सोय केली. इतिहासात दोघं लागले.

मुंबईचा तो आवाज बंद पडल्यानंतर महिन्याभरात, १३ डिसेंबर १९४२ ला, गारगोटीत सरकारी कचेरीवर आणि खजिन्यावर क्रांतिकारकांनी हल्ला केला. सात जण हुतात्मा झाले. आमच्याकडे बेचाळीस म्हटलं की हीच रात्र. लहानपणी मी ती गोष्ट इतक्या वेळा ऐकली की मुंबईत त्याच वर्षी काय चाललं होतं ते नीट वाचायला चाळिशी उलटावी लागली.

स्वातंत्र्यानंतर दहा वर्षांतच गारगोटीत एक वेगळाच प्रयोग झाला. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी १९५२ साली इथे मौनी विद्यापीठ सुरू केलं. हेच नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. नाव पाटगावच्या मौनी महाराजांचं. खेड्यातल्या मुलांना खेड्यातच राहून शेती, बांधकाम, यंत्र यांच्या हाताने शिकता यावं हा त्यामागचा विचार. त्यातूनच इथे ग्रामीण अभियांत्रिकीची संस्था उभी राहिली. मोठ्या शहरापासून इतक्या लांब, डोंगराच्या कुशीतल्या गावात लेथ, व्हाइस आणि ड्रॉइंगबोर्ड आला. तात्या तिथे शिकले नाहीत. पण तिथल्या पोरांबरोबर चहा प्यायले. वर्कशॉप असलेल्या गावात सोल्डरिंग शिकायला कॉलेजात नाव घालावं लागत नाही.

आता गारगोटीहून आजऱ्यामार्गे आंबोलीला चला. दोनेक तासांचा रस्ता. आम्ही तिथे धबधबा बघायला आणि मक्याचं कणीस खायला जातो. त्याच जंगलातून २५ नोव्हेंबर १९५५ ला गोव्याच्या दिशेने एक आवाज सुटला. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यात वर्तमानपत्रांवर कडक बंधनं होती. १९५४ साली दादरा आणि नगरहवेली मुक्त झाली, तेव्हा पळालेल्या पोर्तुगीजांचे दोन वायरलेस सेट हाती लागले होते. तेच फिरवून ट्रान्समीटर तयार केला गेला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी पोर्तुगीज आणि कोकणीतून बातम्या सांगायला सुरुवात केली. सुरुवातीला निकोलाव मिनेझिस हेही सोबत होते. नंतर मुक्काम कॅसलरॉकच्या जंगलात हलला. डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे सहा वर्षं, जळवा, साप, धुकं आणि पाऊस यांच्या संगतीत तो आवाज चालू राहिला. ज्यांनी आंबोलीचा पाऊस पाहिलाय त्यांना कळेल की तिथे वायरलेसचा सेट सोडाच, आगपेटी कोरडी ठेवणंही अवघड. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाल्याची बातमी या दोघांनी विमानातून, लाऊडस्पीकरवरून, खालच्या लोकांना सांगितली. लिबियाबाईंना वयाच्या शंभराव्या वर्षी, २०२५ साली, पद्मश्री जाहीर झाली.

आंबोलीचा हा किस्सा मला तात्यांनी कधी सांगितला नाही. एवढ्या जवळ घडलेली गोष्ट! पण त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती म्हणजे भीती. त्यांच्या वहीच्या मागच्या खिशात रेडिओच्या परवान्याचं पुस्तक सापडलं. वर्षाला पंधरा रुपये पोस्टात भरायचे, तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा प्रकार चालू होता. बाजारातल्या मर्फी-बुशसाठी हे ठीक. पण साबणाच्या डबीत बसवलेल्या, पाच-पाच मिनिटांनी बंद पडणाऱ्या सेटचाही परवाना? कायदा म्हणायचा, हो. आजोबांचं एकच वाक्य होतं, "पोलीस आलं तर मी न्हाई सांगणार तुजं काय ते." तात्यांनी आयुष्यात कधी ट्रान्समीटर बनवला नाही. हॅमची परीक्षा द्यायची फार इच्छा होती म्हणे. दिली नाही. (तो १८८५ चा आणि १९३३ चा कायदा मोडीत काढणारा नवा दूरसंचार कायदा २०२३ साली झाला. तात्या वर्षभर आधी गेले.)

रेडिओ बनवायला मात्र त्यांनी पंधराव्या वर्षी सुरुवात केली. १९६३ साली सांगलीचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या पोरांना जवळ असा एक आवाज मिळाला. त्याआधी रेडिओ म्हणजे श्रीमंताच्या माडीवरची पेटी, तिच्यासाठी भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियल, आणि बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला ऐकायला खालच्या कट्ट्यावर जमलेली गर्दी. आकाशवाणीने १९५२ साली सिनेमाची गाणी बंद केली होती, त्यामुळे सिलोनची चांदी झाली. विविध भारती १९५७ साली आली ती त्याच गर्दीला परत बोलवायला.

तात्यांचा पहिला सेट क्रिस्टलचा. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो : लांब तार, एक कॉइल, एक गँग, एक डायोड, कानाला हेडफोन. बॅटरी नाही! स्टेशनवरून जी लहर येते, तिच्यातच कानाचा पडदा हलवायला पुरेल इतकी शक्ती असते. कॉइल आणि गँग मिळून हवा तो सूर निवडतात, डायोड लहरीचा एकच अर्धा भाग पुढे जाऊ देतो, उरतो तो आवाज. तात्यांनी एरियल घराच्या आढ्यापासून समोरच्या नारळापर्यंत नेली आणि अर्थिंगची तार तुळशीवृंदावनाच्या ओल्या मातीत खुपसली. आजी चिडली. आठ दिवस काही ऐकू आलं नाही. नवव्या रात्री कुजबुज आली. आजीला बोलावून हेडफोन तिच्या कानाला लावला. ती म्हणाली, "कोण बोलतंय ह्यो तुळशीतनं?"

पुढे ट्रान्झिस्टर आला आणि कुजबुजीचं बोलणं झालं. सामान कुठून आणायचे? डायोड-ट्रान्झिस्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून, कुणी जाणारा-येणारा असेल त्याच्याकडे चिठ्ठी देऊन. १९६९ साली 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' हे इंग्रजी मासिक निघालं, त्यातली सर्किटं वहीत उतरवून घेतलेली दिसतात. पण तार? तार आमच्या भागात फुकट होती. ऊस म्हटला की नदीवर पंप, पंप म्हटला की विजेच्या दाबाचा खेळ, आणि त्यात मोटर जळणार. मोटर रिवायंडिंगवाल्याच्या दुकानाबाहेर तांब्याच्या तारेचे पुंजके पडलेले असत. सगळीच तार जळलेली नसे. मधली चांगली लांबी निवडून घ्यायची. भुदरगड तालुक्यातले कित्येक रेडिओ उसाच्या पाण्यावर वाढले असं म्हणायला हरकत नाही.

आणि हे फक्त तेव्हाचं नाही. हैदराबादचे अशहर फरहान (हे आपल्यातलेच, सॉफ्टवेअरवाले) यांनी २००३ च्या सुमारास 'बिटएक्स' नावाचा हॅमसाठीचा सेट आखला. भारतात सहज मिळेल तेच सामान वापरायचं अशी अट. कॉइलसाठी परदेशी गाभा मिळत नाही? मग नळाचा वॉशर घ्या! तो सेट पुढे जगभरच्या हौशी लोकांनी बनवला. आणि ज्या छंदाकडे सरकार संशयाने बघत आलं, त्याचा उपयोग वेळ आल्यावर सरकारलाच झाला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा निरोप पोचवायला हॅम धावले. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद आपला सेट घेऊन नेमक्या पोर्ट ब्लेअरला होत्या. फोन बंद पडले, त्यांचा सेट चालू राहिला.

आता माझं रडगाणं.

साबणाच्या डबीतला तो सेट चालू करायचा असं मी ठरवलं. नवे सेल घातले. मुका. बघितलं तर कॉइलच्या मधून निघणारी तार तुटलेली. एवढंच ना? पुण्याहून सोल्डरिंग आयर्न नेलं आणि तार जोडली. मुका. पुन्हा जोडली. तिसऱ्यांदा तर इतकं सोल्डर ओतलं की तिथे शिशाचं वारूळ झालं. शेवटी बाजारपेठेतल्या एका जुन्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानाचे मालक सत्तरीचे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी डबी हातात घेतली आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "तात्यांची न्हवं ही?"

"हो. मी त्यांचा पुतण्या."

"पुन्यातला व्हय. बस." मग भिंग लावून माझं वारूळ बघितलं आणि हसले. "एनॅमल खरवडलंस का रं?"

नव्हतं खरवडलं. मोटरच्या तारेवर पातळ एनॅमलचा थर असतो. तांब्याच्याच रंगाचा, दिसत नाही. तो ब्लेडने खरवडल्याशिवाय वरून कितीही सोल्डर ओतलं तरी वीज जात नाही. तात्यांच्या वहीत हे कुठेच लिहिलेलं नाही. का लिहील कुणी? ज्याला येतं त्याला ते लिहिण्यासारखं वाटत नाही, आणि ज्याला येत नाही त्याला ते विचारायचं असतं हेच माहीत नसतं. मी वही दाखवली. अण्णांनी घडाघडा वाचली. "ता. ३६ म्हंजे छत्तीस गेजची तार. साठ येढं, पंधराव्याला टॅप. बांबूवर. आनि मे. म्हंजे मेण. येढं देऊन झालं की वरनं मेण सोडायचं, आपल्याकडचा पाऊस आत जाऊ ने म्हनून." मी 'मे.' म्हणजे मे महिना समजत होतो!

"तुम्हाला कसं माहीत, अण्णा?"

"मला कसं म्हंजे? ही वळणं मला त्येनीच शिकवली. सातवी नापास हुतो मी. रोज सांजचं तुमच्या पडवीत बसायचो. तू ल्हान हुतास, किल्ल्याला माती कालवायचास."

म्हणजे तात्यांनी शिकवलं होतं. मला शिकवायचं राहिलं, कारण मी बसलो नाही. जो बसला त्याने त्यावर चाळीस वर्षं दुकान चालवलं, दोन मुलांची शिक्षणं केली. मी उगाच तीन आठवडे समजत होतो की एक विद्या तात्यांबरोबर बुडाली आणि आता ती वाचवायची जबाबदारी माझ्यावर आहे. ती माझ्या घरापासून पाच मिनिटांवर, स्टुलावर बसून चहा पीत होती. अण्णांच्या नंतर मात्र काय, हा प्रश्न खरा आहे. त्यांच्या दुकानात आता मोबाईलचे चार्जर आणि एलईडी बल्ब जास्त, आणि शेजारच्या स्टुलावर कुणी बसत नाही.

रविवारी संध्याकाळी लेकीला घेऊन पुन्हा गेलो. नऊ वर्षांची आहे. अण्णांनी तिच्या हातात अर्धं ब्लेड आणि तारेचा तुकडा दिला. "हलक्या हातानं. तांबं चमकलं की थांब." पहिल्या दोन तारा तुटल्या. तिसरी चमकली. टॅप तिनेच धरला, सोल्डर अण्णांनी सोडलं.

घरी येऊन सेल घातले. खोलीत नुसती खरखर. बल्ब, चार्जर, वायफाय सगळं बंद केलं तरी शेजाऱ्यांचं चालूच होतं. मग गच्चीवर गेलो. रात्रीचे नऊ वाजले असतील. गँग फिरवता फिरवता एका जागी खरखर बाजूला झाली आणि आतून एक बाई कन्नडमध्ये काहीतरी सांगू लागली. सावकाश, शांत आवाजात. बहुतेक बातम्या असाव्यात. आम्हा दोघांनाही एक अक्षर कळलं नाही. लेकीने डबी कानाला लावली आणि सेल संपेपर्यंत परत दिली नाही.

घर पुढच्या महिन्यात उतरेल. मावळे पुण्यात कपाटात आहेत, कुणी आलं की दाखवतो. डालड्याचा डबा मात्र आणला नाही. अण्णांच्या दुकानात ठेवलाय. दिवाळीची सुट्टी लागली की आठ दिवस तिथे जायचं असं लेकीने परस्पर ठरवून टाकलंय. अण्णांनी एक स्टूल जास्तीचं लागेल म्हणून सांगितलंय.

मी म्हटलं, दोन ठेवा.